सकाळी डालं उचललं की पिल्लू ताठ: थंडीत खुडूक कोंबडीची पिल्लं का मरतात

दर हिवाळ्यात तेच होतं. कोंबडी अंडी उबवायला नीट खुडूक बसते, एकवीस-बावीस दिवसांनी आठ-दहा पिल्लं निघतात, घरातली पोरं दिवसभर डाल्याभोवती, म्हणजे त्यांना झाकायच्या पालथ्या टोपलीभोवती, घुटमळतात आणि चौथ्या-पाचव्या सकाळी डालं उचललं की एखादं पिल्लू पाय ताणून पडलेलं असतं. दोन दिवसांनी अजून एक. संक्रांत येईपर्यंत दहाची चार उरतात आणि घरात सगळे म्हणतात, हीवच एवढं होतं, आपण तरी काय करणार.

आमचं घर चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. गावठी कोंबड्या पाळायला लागून मला चौदा वर्षं झाली. सुरुवातीची चार-पाच वर्षं मीही थंडीलाच दोष द्यायचे. एका सकाळी मी मेलेलं पिल्लू उकिरड्यावर टाकायला निघाले तेव्हा सासूबाईंनी अडवलं आणि विचारलं, ते कुठे पडलं होतं? मला सांगता आलं नाही. त्या म्हणाल्या, "पिल्लं हीवमुये नही मरतस, ओलमुये मरतस." मग त्यांनी मला पुन्हा डाल्यापाशी नेलं आणि खालचा भुसा हाताने दाबून दाखवला. वरून कोरडा दिसत होता, खालून ओलाचिंब होता.

तेव्हापासून मी तेच करते. पिल्लू मेलं की ते उचलण्याआधी बघते: कुठे पडलंय, अंग ओलं आहे की कोरडं, एकटं आहे की तीन-चार एकत्र, वय किती दिवसांचं. एवढ्यावरून बहुतेक वेळा कारण कळतं, आणि कारण कळलं की उरलेली पिल्लं वाचवता येतात. नुसतं "थंडी" म्हटलं की हातात काहीच राहत नाही.

आधी एक प्रश्न, जो मला दर वर्षी कोणी ना कोणी विचारतं. एवढा त्रास आहे तर थंडीत कोंबडी बसवायचीच कशाला? आपल्या खानदेशात उन्हाळा त्याहून वाईट असतो म्हणून. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४५ अंशांवर जातो, बसवण्यासाठी जमवलेली अंडी चार दिवसांत खराब होतात, खुडूक कोंबडी धापा टाकत उठते. पावसाळ्यात ओल आणि हगवण. राहतो तो दिवाळी ते महाशिवरात्रीचा काळ. डिसेंबरात निघालेली पिल्लं अखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, किलोच्या आसपास भरतात, आणि उन्हाची तलखी सुरू होते तेव्हा ती अंगाने मोठी झालेली असतात. थंडीत कोंबड्या खुडूक कमी बसतात हे खरं, पण जी बसते तिला मी उठवत नाही.

आपल्याकडची थंडी फसवी आहे. दुपारी २८-३० अंश, अंगात सदराही नको वाटतो. आणि पहाटे सात-आठ. दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते त्या सुमारापासून पुढे महिना-दीड महिना हे असंच चालतं. रावेर-यावलकडचे केळीवाले थंडीच्या ज्या माराला चरका म्हणतात, तो केळीच्या पानांवर दिसायला लागला की मी समजते, आता डाल्याकडे जास्त लक्ष द्यायचं. दिवसा खेळणारी पिल्लं बघून आपण निश्चिंत होतो, आणि खरी परीक्षा पहाटे तीन ते सूर्य वर येईपर्यंत असते.

एक गोष्ट मनात पक्की असू द्या: कोंबडीचं अंग ४१ अंशांच्या आसपास गरम असतं. तिच्या पोटाखाली शिरलेलं पिल्लू बाहेर पाच अंश असले तरी सुखात असतं. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३२ ते ३५ अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी चालतात, आणि खरी पिसं फुटायला पाच-सहा आठवडे लागतात. म्हणजे आपल्याला खुराडं गरम करायचं नाही. पिल्लू आणि कोंबडीचं पोट यांच्यामध्ये काय आडवं येतंय, ते शोधायचं आहे.

पिल्लू पाण्याच्या भांड्याजवळ, अंग ओलं

सगळ्यात जास्त मरणं यातलीच. वाटीभर पाणी ठेवलं की पिल्लू त्यात पाय टाकतं, पोट भिजतं, आणि ओली लव ऊब धरून ठेवत नाही. ते कोंबडीखाली शिरतं तेव्हा शेजारच्या दोघांनाही ओलं करतं. उथळ ताटली घ्या, तिच्यात गोटे भरा, गोट्यांच्या फटीत चोच जाईल एवढंच पाणी ठेवा. सूर्य मावळला की ताटली बाहेर काढा. पिल्लं अंधारात पाणी पीत नाहीत, भांडं फक्त सांडतं.

दुसरी ओल दवाची. आमच्याकडे खळ्याला लागून हरभरा आणि गहू. कोंबडी सकाळी सुटली की पिल्लं घेऊन थेट गव्हात जायची. गव्हाला पाणी भरलेलं, वर पातीवर दव. अर्ध्या तासात पिल्लं चिंब, आणि कोंबडी उकरण्यात दंग. चिवचिव ऐकू आली तर ठीक, नाहीतर एखादं सरीत राहून जायचं. आता मी उन्हं चांगली वर येईपर्यंत, साधारण नऊ-साडेनऊपर्यंत, डालं उघडत नाही. आत बाजरीचा भरडा टाकते, म्हणजे कोंबडीही तडफडत नाही. संध्याकाळी सूर्य कलण्याच्या आत पुन्हा आत. पहिले पंधरा दिवस हे पाळलं तर निम्मी अडचण संपते.

तिसरी ओल खालून येते. मातीची जमीन रात्री पाझरते, त्यात विष्ठेची भर. आम्ही आधी गव्हाचा भुसा टाकायचो. तो दबून चिकट होतो आणि वरून काही कळत नाही. नवापूर, अक्कलकुव्याकडे भात पिकतो, तिकडे भाताचं तूस सहज मिळतं, ते उत्तम. आमच्याकडे भुईमुगाची टरफलं मिळतात. ती दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून, जाडी कुटून, चार बोटं थर द्या. बुरशीचा वास येणारी टरफलं कितीही फुकट मिळाली तरी नकोत. ती बुरशी पिल्लांच्या फुप्फुसात जाते आणि पिल्लं चोच वासून श्वास घ्यायला लागतात. लाकडाचा बारीक भुसाही नको, पिल्लं दाणा समजून तो खातात. थराखाली एक बारदान किंवा फळी घातली तर जमिनीचा गारठा तुटतो. तपासायची रीत सासूबाईंचीच: मूठभर घेऊन दाबायचं, हाताला ओल लागली तर बदलायचं.

पिल्लू कोंबडीपासून लांब, कोपऱ्यात, अंग कोरडं

एकटं असेल तर ते बाहेर पडलं आणि परत शिरू शकलं नाही. कोंबडी पाटीत किंवा उंच टोपलीत बसवली असेल तर हे हमखास होतं. अंडी उबवायला उंच जागा ठीक, मुंगसापासून आणि मांजरापासून बरी. पण पिल्लं निघाली की दुसऱ्या दिवशी सगळं कुटुंब जमिनीवर, सपाट जागी आणा. काठ दोन बोटांपेक्षा उंच नको. पहिल्या दोन दिवसांच्या पिल्लाला चार बोटांची भिंतही चढता येत नाही, आणि कोंबडी बाहेर पडलेल्याला उचलून आत घेत नाही. ती फक्त हाक मारते.

कोरडी पिल्लं एकाच बाजूला मरत असतील तर तिथे वाऱ्याची फट आहे. रात्री दिवा किंवा उदबत्ती लावून जमिनीलगत फिरवा. धूर जिकडून ढकलला जातो ती फट बुजवा. हिवाळ्यात वारा आमच्याकडे डोंगराच्या बाजूने, उत्तरेकडून उतरतो, म्हणून डाल्याची ती बाजू मी भिंतीला लावते. भिंत नसेल तिथे कापसाच्या पऱ्हाट्यांचा कूड घालून शेणमातीने लिंपला तरी पुरतो. सातपुड्यातल्या पावरा-भिल्ल वस्त्यांवर कोंबड्या रात्री घरातच, कुडाच्या आत असतात, आणि ते शहाणपणाचं आहे.

फट बुजवायची ती पिल्लाच्या उंचीची. वरची नाही. यात मी स्वतः मोठी चूक केली आहे. एका वर्षी मी खुराडं चारी बाजूंनी प्लास्टिकच्या ताडपत्रीने गुंडाळलं. पहाटे आत हात घातला तर ताडपत्रीला आतून पाण्याचे थेंब लटकलेले, डोळ्यांना झोंबणारा वास. आठवड्याभरात पिल्लं शिंकायला लागली, डोळे चिकटले. कोंबड्यांच्या श्वासाची आणि विष्ठेची वाफ बाहेर जायला जागाच नव्हती. तेव्हापासून खालची हातभर उंची बारदानाने बंद आणि वरची वीतभर जागा कायम उघडी. बारदान वाफ अडवत नाही, म्हणून प्लास्टिकपेक्षा बरं.

पिल्लं अंड्यातच राहिली

हे मरण डोळ्यांना दिसत नाही म्हणून लोक कोंबडीला नावं ठेवतात. थंडीत अंडी जास्त ठेवणं हे पहिलं कारण. उन्हाळ्यात जी कोंबडी तेरा-चौदा अंडी झाकते तिच्याखाली थंडीत आठ, फार तर नऊ. कडेचं अंडं रात्री गार पडतं, आणि कोंबडी अंडी फिरवत राहते म्हणून आज कडेला असलेलं उद्या मध्ये आणि मधलं कडेला. असं करत सगळीच अंडी एकेकदा गारठतात. चौदा ठेवून चार निघण्यापेक्षा आठ ठेवून सात निघालेली बरी. सातव्या रात्री अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरून बघा. लाल शिरा दिसल्या तर जीव आहे. नुसतं स्वच्छ दिसलं तर ते काढा, बाकीच्यांना जागा होते.

दुसरं कारण, दुसऱ्या कोंबड्या त्याच टोपलीत येऊन अंडी घालतात. मग काही अंडी आजची, काही आठ दिवसांपूर्वीची. पहिली पिल्लं निघाली की कोंबडी एक-दोन दिवसांत त्यांना घेऊन उठते आणि मागची भरलेली अंडी गार पडतात. बसवताना प्रत्येक अंड्यावर कोळशाने किंवा पेन्सिलने खूण करा, आणि खूण नसलेलं अंडं रोज उचला. माझी आणखी एक सवय आहे: अंडी सगळी जमेपर्यंत कोंबडीला दोन-तीन खोट्या अंड्यांवर ठेवते, मग एकाच रात्री सगळी खरी अंडी तिच्याखाली सरकवते. आठवडाभरापेक्षा जुनं अंडं वापरत नाही.

तिसरं कारण उठण्याची वेळ. खुडूक कोंबडी दिवसातून एकदा उठते, खाते, पाणी पिते, एकदाच मोठी घाण करते, राखेत लोळते आणि पंधरा-वीस मिनिटांत परत येते. तेवढ्याने अंड्यांचं काही बिघडत नाही. पण हे पहाटे सात अंशांत झालं तर बिघडतं. म्हणून तिचा दाणा दुपारी बाराला द्या, सलग चार दिवस. तीच वेळ तिला लागते. दाणा अख्खा द्या, मका, दादर ज्वारी किंवा बाजरी. ओला भरडा दिला तर विष्ठा पातळ होते आणि अंडी माखतात. जनावरांची सरकीची ढेप समोर पडलेली असते म्हणून ती कोंबड्यांना घालू नका, त्यांना ती सोसत नाही.

बसवण्याआधी तिच्या पंखांखाली आणि शेपटीखाली उवा-पिसवा बघा. अंगाला पिसवा झालेली कोंबडी रात्री सारखी उठते. टोपलीच्या तळाला चुलीची चाळलेली राख आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला आम्ही घालतोच, आणि शेजारी राखेचं घमेलं ठेवतो. अंग हाडकुळं लागत असेल तर अशा कोंबडीला थंडीत बसवू नका. तीन आठवडे ती अर्धपोटी बसणार, मग पिल्लांना ऊब कुठून देणार?

तीन-चार पिल्लं भिंतीशी ढिगाने, वय तीन आठवड्यांच्या पुढे

या वेळी बहुतेकांना वाटतं धोका टळला, आणि नेमकं इथेच एका रात्रीत चार-पाच जातात. दोन गोष्टी एकदम घडतात. पिल्लं मोठी झाल्यामुळे सगळी कोंबडीच्या पोटाखाली मावत नाहीत, पण पाठीवर अजून नुसती लव असते. आणि कोंबडीला आता वर, काठीवर बसायची ओढ लागते. ती एका संध्याकाळी सवयीने उडून काठीवर बसते, पिल्लं खाली एकमेकांवर चढून ऊब शोधतात, खालची गुदमरतात.

उपाय साधा आहे, फक्त रोज करावा लागतो. दिवेलागणीला मोजणी करा आणि कोंबडी पिल्लांसकट डाल्याखाली झाका, पिल्लं सहा आठवड्यांची होईपर्यंत. कोपरे भुशाने गोल करून टाका, म्हणजे कोपऱ्यात ढीग होत नाही. पिल्लं जास्त असतील तर वर सैल बारदान टाकून जागा आखूड करा, पण पूर्ण झाकू नका. ज्या वर्षी दोन कोंबड्या एकाच आठवड्यात बसतात त्या वर्षी मी पिल्लं दोघींत सारखी वाटते.

एखादं पिल्लू अगदी कोंबडीखालीच चपटं सापडलं तर खाली खळगा खोल झालेला असतो किंवा दगड असतो. सपाट करा. ढुंगणाला विष्ठा चिकटून वाळलेली असेल तर ते गारठल्याचं लक्षण. कोमट पाण्याने भिजवून सोडवा, कापडाने पुसून पूर्ण कोरडं करा, मगच परत सोडा. ओढून काढू नका, कातडी निघते. आणि तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसलं, पिल्लं पंख सोडून बसली, तर ती रक्ती हगवण आहे. त्यात ऊब पुरत नाही. ओला भुसा त्याच दिवशी बदला आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून औषध आणा.

निखारे आणि बल्ब

घमेल्यात निखारे घालून खुराड्यात ठेवण्याची पद्धत मी बऱ्याच घरांत पाहिली. कृपा करून हे थांबवा. बंद जागेत त्याचा विषारी वायू साठतो, त्याला वास येत नाही, आणि कोंबडीही सकाळी मेलेली सापडते. शिवाय भुशाला ठिणगी लागायला कितीसा वेळ?

बल्बबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. आईविना पिल्लं असतील तर बल्ब हवाच. पण कोंबडी असताना बल्ब लावला की पिल्लं तिच्याखाली जायची सवय सोडतात आणि उजेडाकडे झोपतात. रात्री दोनला लाइट गेली की ती अंधारात चाचपडतात, कोंबडी अंधारात हलत नाही. मी दोनदा असं नुकसान सोसलं आहे. एक तर आई, नाहीतर बल्ब.

विकत आणलेली पिल्लं कोंबडीखाली द्यायची असतील तर ती एक-दोन दिवसांचीच हवीत, आणि रात्री, अंधारात, एकेक करून पोटाखाली सरकवायची. आठवडाभर बल्बखाली राहिलेल्या पिल्लाला कोंबडीची हाक कळत नाही आणि कोंबडीही त्याला टोचते. थंडीत त्याचा परिणाम दुसऱ्या सकाळीच दिसतो.

ताठ झालेलं पिल्लू नेहमी मेलेलं नसतं

हे लक्षात ठेवा, यामुळे माझी बरीच पिल्लं वाचली आहेत. गार, डोळे मिटलेलं, पण मान अजून लवचिक असेल तर त्याला दोन्ही तळहातांत धरा, लुगड्याच्या ओच्यात किंवा सदऱ्याच्या आत अंगाशी घ्या. नाहीतर बाटलीत हाताला सोसेल एवढं गरम पाणी भरा, फडक्यात गुंडाळा आणि त्याच्या शेजारी ठेवा. चुलीजवळ एकदम नेऊ नका. अर्ध्या-पाऊण तासात ते पाय हलवतं, चिवचिव करतं. तोपर्यंत तोंडात काही घालू नका. गार पिल्लाला गिळता येत नाही, पाणी फुप्फुसात जातं. आवाज नीट निघाला की कोमट गुळाच्या पाण्यात फक्त चोचीचं टोक बुडवा, दोन-तीनदा. उभं राहिलं की लगेच आईखाली. दिवसभर घरात ठेवलं तर कोंबडी त्याला परकं समजते, म्हणून उशीर झालाच तर रात्रीची वाट बघा.

राणीखेतची, म्हणजे मानमोडीची लस पिल्लं पाच ते सात दिवसांची असताना डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात. एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात, तेव्हा गल्लीतल्या दोन-चार घरांनी मिळून आणा, बर्फात आणा, आणि पहाटे नाही, दुपारी सावलीत द्या.

सहा ते आठ आठवड्यांत एक दिवस कोंबडी पिल्लांना चोच मारून बाजूला करते आणि कोंबड्याबरोबर फिरायला लागते. थंडी अजून असेल तर त्या पिल्लांना लगेच मोठ्यांच्या खुराड्यात घालू नका. पुढचे आठ-दहा दिवस त्यांना जुन्याच डाल्याखाली, जुन्याच जागी एकत्र झाका. संध्याकाळी ती आपणहून तिथे येऊन उभी राहतात.